धर्मपीठे ओस का पडतात?
(आयर्लंडच्या इतिहासातून एक धडा)



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा असतो, नाहीतर मुलगी. तो विचारतो, "जगभर शिकलेली माणसे धर्मापासून आणि धर्मगुरूंपासून दूर चालली आहेत. मग आपण याच वेळी एक धर्म सोडून दुसरा का घेतला? एकही घेतला नसता तर काय बिघडले असते?"

हा प्रश्न ऐकून कित्येक आईवडील गप्प होतात. काही रागावतात, "बाबासाहेबांनी दिला तो धर्म, त्यावर प्रश्न नको," असे म्हणून विषय संपवतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. प्रश्न रास्त आहे आणि त्याला अभ्यास करूनच उत्तर दिले पाहिजे. "तुला काय कळते, गप्प बस," हे वाक्य ऐकत आपल्या बापजाद्यांच्या पिढ्या गेल्या. तेच वाक्य आपण आपल्या मुलांना ऐकवणार असू, तर दीक्षा घेऊन आपण काय बदलले?

म्हणून या पाठात आपण एका देशाचा इतिहास तपासू. तो देश म्हणजे आयर्लंड. हाच देश निवडण्याचे कारण असे की, तेथील धर्म हा राजाने लादलेला नव्हता. तो दडपलेल्या, गरीब लोकांचा, त्यांच्या स्वाभिमानाचा धर्म होता. असा जिवाभावाचा धर्मही एका माणसाच्या हयातीत लोकांच्या मनातून कसा उतरला, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्यात आपल्यालाही इशारा आहे.

१. दडपलेल्यांचा धर्म

आयर्लंडवर शेकडो वर्षे इंग्लंडचे राज्य होते. राज्यकर्ते प्रॉटेस्टंट पंथाचे आणि बहुसंख्य आयरिश जनता रोमन कॅथलिक पंथाची. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे कॅथलिकांविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. कॅथलिक माणसाने जमीन विकत घ्यायची नाही, सरकारी अधिकारपद घ्यायचे नाही, पार्लमेंटात बसायचे नाही. १७२८ पासून मताचा अधिकारही गेला. त्यांच्या शाळांवर बंदी होती, म्हणून मुले कुंपणाच्या आडोशाला, उघड्यावर बसून चोरून शिकत. प्रार्थनाही पुष्कळ ठिकाणी रानातल्या एखाद्या शिळेभोवती होत असे. विद्येवर बंदी, जमिनीवर बंदी, मानाच्या जागेवर बंदी, ही यादी वाचताना तुम्हाला तुमच्या आजोबांची आठवण झाली तर नवल नाही.

या काळात गावचा पाद्री लोकांच्या बाजूने उभा होता. डॅनियल ओ'कॉनेल या पुढाऱ्याने १८२३ मध्ये कॅथलिकांची संघटना काढली. पुढच्या वर्षापासून गरिबातला गरीब माणूस महिन्याला एक पेनी तिला वर्गणी देऊ लागला. आपल्या भाषेत सांगायचे तर एक पैसा, एक आणा. ती वर्गणी गोळा करण्यात गावोगावचे पाद्री पुढे होते. त्या लोकशक्तीपुढे नमून इंग्रज सरकारने १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुले केले. पुढे १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या होरपळीतही लोकांनी धर्म सोडला नाही.

हे आधी लक्षात घ्या. आयरिश माणसाची धर्मनिष्ठा खोटी नव्हती. ती दुःखातून आली होती आणि संघर्षात घट्ट झाली होती.

२. सेवकाचा मालक कसा झाला

१९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग स्वतंत्र झाला. नवे राज्य गरीब होते. शाळा, इस्पितळे, अनाथाश्रम चालविण्याचे काम पाद्री आणि जोगिणी आधीपासून करीतच होते. राज्याने ते त्यांच्याच हाती राहू दिले. त्यांच्यापैकी कित्येकांनी आयुष्यभर निष्ठेने सेवा केली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर दुसरी गोष्टही झाली. मुलाची शाळा ज्यांच्या हातात, आजाऱ्याची खाट ज्यांच्या हातात, त्यांना गावात प्रश्न विचारणार कोण? १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' दिले आणि घटस्फोटाला बंदी घातली. संततिनियमनाची साधने विकण्यावर तर १९३५ पासूनच बंदी होती.

या सत्तेचा अर्थ एका उदाहरणावरून कळेल. १९५१ मध्ये डॉ. नोएल ब्राऊन हे आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते. त्यांचे आईवडील क्षयाने गेले होते. गरिबाच्या घरात आजार शिरला की काय होते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी योजना मांडली की, सर्व मातांना आणि सोळा वर्षांखालील सर्व मुलांना सरकारने मोफत औषधोपचार द्यावा, त्यासाठी कुणाचे उत्पन्न विचारू नये. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, तो पैशासाठी. पण बिशपांनीही विरोध केला. कुटुंबाच्या अधिकारात सरकारने हात घालू नये आणि सरकारी डॉक्टरने बायकांना बाळंतपणाबद्दल चर्चच्या शिकवणीविरुद्ध सल्ला देऊ नये, हे त्यांचे म्हणणे. मंत्रिमंडळ बिशपांपुढे नमले. योजना बारगळली आणि ब्राऊन यांनी एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. जाताना त्यांनी एक काम मात्र केले. बिशपांशी झालेला सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना छापायला दिला. देशाचे निर्णय कोण घेतो, हे लोकांनी तेव्हा काळ्यावर पांढरे वाचले.

त्याआधी, १९४६ मध्ये, आणखी एक इशारा मिळाला होता. अमेरिकेत अनाथ मुलांसाठी 'बॉइज टाउन' ही वसाहत काढणारे फादर एडवर्ड फ्लॅनगन हे जन्माने आयरिश. ते मायदेशी आले तेव्हा त्यांनी चर्चच्या संस्था चालवीत असलेल्या 'औद्योगिक शाळां'मध्ये मुलांना होणाऱ्या मारहाणीचा उघड निषेध केला. ते स्वतः पाद्री होते. तरीही सरकारने त्यांचे म्हणणे धुडकावले. मुले त्याच शाळांत राहिली.

आणि लोक? लोक दर रविवारी चर्चमध्ये जात होते. १९६१ च्या जनगणनेत सुमारे ९५ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणून नोंदविले. १९७० च्या दशकाच्या आरंभी दहातले नऊ कॅथलिक दर आठवड्याला उपासनेला हजर असत. सप्टेंबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक माणसे जमली. त्या वेळी देशाची सारी लोकसंख्या चौतीस लाखांच्या आत होती. त्या दिवशी कुणी म्हटले असते की चाळीस वर्षांत हे मैदान रिकामे दिसेल, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

३. झाकलेले उघडे पडले

पहिला धक्का १९९२ मध्ये बसला. गॉलवेचे लोकप्रिय बिशप एमन केसी यांना एक मुलगा असल्याचे, आणि त्या प्रकरणात धर्मप्रांताच्या निधीतून पैसे दिले गेल्याचे उघड झाले. १९७९ मध्ये पोपच्या सभेत तरुणांना गाणी म्हणायला लावणारे हेच बिशप होते. लोकांना मुलाचे फारसे वाटले नाही. एरवी तरुण मुलींना पापाची भीती घालणारी माणसे स्वतःसाठी वेगळा नियम ठेवतात, हे त्यांना बोचले.

पुढचा प्रकार याहून कितीतरी भयंकर होता. ब्रेंडन स्मिथ नावाचा पाद्री कित्येक वर्षे लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करीत होता. १९९४ मध्ये त्याने बेलफास्टच्या न्यायालयात गुन्हे कबूल केले. त्याला हवाली करण्यात झालेल्या दिरंगाईवरून असा गदारोळ उठला की त्या वादात नोव्हेंबर १९९४ मध्ये आयर्लंडचे सरकार पडले. पण खरी गोष्ट २०१० मध्ये कळली. १९७५ मध्येच दोन मुलांनी चर्चच्या अंतर्गत चौकशीत स्मिथविरुद्ध सांगितले होते. चौकशी करणाऱ्यांनी पोलिसांना कळविले नाही. उलट त्या मुलांकडूनच, हे कुणाला सांगणार नाही, अशी शपथ घेतली. त्या बैठकीत टिपणे घेणारा तरुण पाद्री पुढे देशातील सर्वोच्च धर्मपदावर पोचला. मधल्या जवळजवळ दोन दशकांत आणखी किती लेकरे बळी पडली असतील!

दीक्षा घेतलेल्या आईबापांनो, येथे थोडे थांबा. धर्मपीठाने अत्याचारी माणसाला सांभाळले आणि लेकरांच्या तोंडाला कुलूप लावले. आयर्लंडच्या सगळ्या गोष्टीचे मर्म या एका प्रसंगात आहे.

त्यानंतर चौकश्यांची रांग लागली. मे २००९ मध्ये औद्योगिक शाळांबद्दलचा रायन आयोगाचा अहवाल आला. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार हे त्या शाळांत तुरळक अपघात नव्हते, तो नेहमीचा व्यवहार होता, असे त्यातून दिसले. फ्लॅनगन यांनी १९४६ मध्ये सांगितले होते, ते ६३ वर्षांनी सिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डब्लिन धर्मप्रांताबद्दलचा मर्फी अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा की, तेथील वरिष्ठांना मुलांच्या सुरक्षिततेपेक्षा गुप्तता, संस्थेची अब्रू आणि तिची मालमत्ता या गोष्टी मोलाच्या वाटत होत्या.

स्त्रियांचे हाल निराळे. 'मॅग्डलिन' नावाची धुलाईघरे जोगिणी चालवीत. कुमारी माता, अनाथाश्रमातल्या मुली, 'वाह्यात' ठरविलेल्या गरीब पोरी तेथे कोंडल्या जात आणि विनावेतन लोकांचे कपडे धूत. १९२२ नंतर सुमारे दहा हजार स्त्रिया तेथून गेल्या, असे २०१३ च्या सरकारी अहवालात आहे. १९९३ मध्ये डब्लिनमधल्या अशा एका संस्थेने जमीन विकली, तेव्हा तेथील दफनभूमी उकरावी लागली आणि १५५ स्त्रियांचे मृतदेह बाहेर निघाले. कित्येकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदही नव्हती. शेवटचे धुलाईघर बंद झाले ते १९९६ मध्ये.

ट्यूम या गावात कुमारी मातांसाठीचा एक आश्रम १९२५ ते १९६१ पर्यंत होता. तो बंद पडून अर्धे शतक लोटल्यावर कॅथरिन कॉर्लेस या गृहिणीने, गावच्या इतिहासाच्या हौशी अभ्यासिकेने, त्याची चौकशी सुरू केली. तेथे किती बालके दगावली, हे तिने सरकारी नोंदींतून, पदरचे पैसे भरून दाखले काढत शोधले. आकडा निघाला ७९६. पण त्यांच्या दफनाची नोंद जवळजवळ कोठेच सापडेना. २०१४ मध्ये ही गोष्ट जगभर गाजली. २०१७ मध्ये त्या जागेत, जमिनीखालच्या बांधकामात, बालकांचे अवशेष असल्याचे अधिकृतपणे सिद्ध झाले आणि २०२५ मध्ये ती जागा रीतसर खोदण्यास सुरुवात झाली. मोठमोठ्या पंडितांनी विचारला नाही तो प्रश्न एका गृहिणीने विचारला. आपल्या उपासिकांनी हे ध्यानात ठेवावे.

४. लोक उठून गेले

परिणाम काय झाला, ते आकडेच सांगतात. १९८३ मध्ये चर्चच्या इच्छेप्रमाणे गर्भपातबंदी घटनेत घालण्यासाठी सार्वमत घेतले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी तिच्या बाजूने मत दिले. मे २०१८ मध्ये ती बंदी काढून टाकण्यासाठी सार्वमत झाले, तेव्हा तितक्याच लोकांनी, म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिकांनी, ती काढा असे सांगितले. १९९५ मध्ये घटस्फोटाची बंदी अगदी थोड्या मतांनी उठली. चर्चचे 'विशेष स्थान' तर १९७२ मध्येच घटनेतून काढले गेले होते. २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोक कॅथलिक होते. २०२२ मध्ये ते ६९ टक्क्यांवर आले. त्या वर्षी सुमारे १४ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असे लिहिले. एकेकाळी हा देश जगभर धर्मप्रचारक पाठवीत असे. आता तेथील चर्चना भारत, नायजेरिया अशा देशांतून पाद्री आणावे लागतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस आले. पुन्हा तेच फिनिक्स पार्क. सुमारे पाच लाख प्रवेशपत्रिका वाटल्या होत्या, पण आलेली माणसे दीड लाखाच्या आसपासच होती. त्याच दिवशी ट्यूम गावात लोक मूकपणे चालत त्या जागेवर गेले आणि मेलेल्या बालकांची नावे एकेक करून वाचली गेली.

वाचकहो, या दोन दृश्यांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. लोकांची नीती बुडाली म्हणून मैदान रिकामे राहिले, असे कसे म्हणता येईल? अनाथ लेकरांसाठी रडणारी माणसे अनीतिमान नव्हती. ज्यांनी नीती शिकवायची त्यांच्यापेक्षा साध्या माणसांची नीती वरचढ ठरली, म्हणून ती उठून गेली. अजूनही बहुसंख्य आयरिश लोक स्वतःला कॅथलिक लिहितात. लग्नाला, मयताला चर्चमध्ये जातात. त्यांची आज्ञाधारकता संपली आहे.

५. कारणे कोणती?

एकाच कारणावर सारे ढकलणे शास्त्रीय नव्हे. १९६१ च्या शेवटच्या दिवशी तेथे टेलिव्हिजन सुरू झाला. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. लग्न होताच बाईला सरकारी नोकरी सोडावी लागे, तो नियम १९७३ मध्ये गेला. शिक्षण आणि चार पैसे हाती आले की माणूस विचार करू लागतो. पण शिक्षण वाढले म्हणून धर्म बुडालाच पाहिजे, असे नाही. ज्या धर्माला तपासणी सोसत नाही, त्याला शिक्षणाची धास्ती वाटते.

दुसरे कारण, धर्मगुरूला जाब विचारण्याची सोय नव्हती. त्याची नेमणूक वरून, बदली वरून, चौकशीही आतल्या आत. गरिबाच्या पेनीवर वाढलेली संस्था गरिबाला हिशेब देत नव्हती.

तिसरे कारण सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. लोकही गप्प राहिले. कित्येक मुलींना त्यांच्या स्वतःच्या घरच्यांनी त्या आश्रमांत आणि धुलाईघरांत नेऊन सोडले, लोक काय म्हणतील या भीतीने. पळून आलेल्या मुलींना पोलीस परत पोचवीत. अंधभक्तीचे पाप एकट्या गुरूच्या माथी नसते. भक्ताचाही त्यात वाटा असतो.

६. भगवान बुद्धांनी कोणती व्यवस्था केली?

आता आपल्या धम्माकडे वळू. भगवान बुद्धांनी या धोक्याचा विचार केला होता काय? विनयपिटक उघडून पाहिले तर आश्चर्य वाटते.

पहिली गोष्ट, वर्षावासाची. सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही फिरत. लोकांनी तक्रार केली की, हे कोवळे गवत तुडवितात, लहान जीव मारतात; दुसऱ्या पंथाचे साधूसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात. बुद्धांनी ती तक्रार ऐकली आणि वर्षावासाचा नियम घालून दिला. विनयाचे कित्येक नियम असेच लोकांच्या तक्रारीतून आले आहेत.

दुसरी, पवारणा. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खूने संघापुढे हात जोडून सांगायचे की, माझ्याकडून काही चुकल्याचे कुणी पाहिले, ऐकले किंवा कुणाला तसा संशय आला असेल, तर दया करून मला सांगा. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सर्वांनी. वरिष्ठाने कनिष्ठांकडे आपली चूक मागायची!

तिसरी, कोसंबीचा प्रसंग. तेथील भिक्खूंमध्ये भांडण लागले आणि बुद्धांनी समजावूनही ते ऐकेनात. बुद्ध तेथून निघून गेले. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी ठरविले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षा घालायची नाही. भांडखोर भिक्खू ताळ्यावर आले आणि बुद्धांकडे जाऊन त्यांनी वाद मिटविला.

चौथी, चित्त गृहपतीची. सुधम्म नावाच्या भिक्खूने या गृहस्थ उपासकाचा अपमान केला. संघाने त्या भिक्खूला काय सांगितले? जा, त्या गृहस्थाची क्षमा मागून ये. चीवर घातलेला माणूस संसारी माणसाकडे क्षमा मागायला गेला.

आणि पाचवी गोष्ट. बुद्धांनी आपला वारस नेमला नाही. आपण शिष्यांपासून काही मुठीत झाकून ठेवलेले नाही, असे त्यांनी आनंदाला सांगितले. खुद्द तथागतालाही त्याच्या वागण्या-बोलण्यावरून तपासून पाहावे, असा उपदेश मज्झिम निकायाच्या वीमंसक सुत्तात आहे. १९७५ ची ती मुलांची शपथ आणि ही उघडी मूठ, यांत किती अंतर आहे ते तुम्हीच पाहा.

पण याचा गर्व करू नका. चांगला नियम ग्रंथात असणे आणि तो पाळला जाणे यात फरक आहे. जुलै २०२५ मध्ये थायलंडसारख्या बौद्ध देशात एका ब्लॅकमेल प्रकरणातून अनेक वरिष्ठ भिक्खूंना चीवर उतरवावे लागले. झाकाझाक जेथे होईल तेथे हेच होईल. धर्माचे नाव बदलल्याने ते टळत नाही.

७. बाबासाहेबांची दृष्टी

परमपूज्य बाबासाहेबांना याची पूर्ण जाणीव होती. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी पुरोहितपण जन्माने मिळू नये, परीक्षा घेऊन सनद द्यावी आणि पुरोहिताला कायद्याच्या शिस्तीत ठेवावे, असे सुचविले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी त्या काळच्या भिक्खूसंघावर स्पष्ट टीका केली, आणि शिक्षण व वैद्यकीय सेवा यांबाबत ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून शिकावे असे सांगितले. तो सल्ला आजही योग्य आहे. आयर्लंडचा इतिहास त्याला फक्त पुरवणी जोडतो. सेवा जरूर करावी, पण सेवा घेणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क असलाच पाहिजे. नाहीतर सेवेच्या वाटेनेच सत्ता घरात शिरते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः, एका गृहस्थाने, लाखो लोकांना दीक्षा दिली. धम्म ही कुणाची मिरासदारी नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. तो विसावा हिस्सा म्हणजे आपली पेनी आहे. ती देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि तिचा हिशेब मागणे हेही कर्तव्यच आहे.

म्हणून आपापल्या विहारात पुढील गोष्टी सुरू करा.

(१) विहाराचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लिहा. जेथे हिशेब विचारणाऱ्याला फितूर म्हणतात, तेथे गडबड आहे असे समजा.

(२) कार्यकारिणीत स्त्रिया असाव्यात, आणि त्या नावापुरत्या नसाव्यात. सह्या आणि किल्ल्या त्यांच्याही हाती असू द्या.

(३) रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा. पहिला प्रश्न मुलांना विचारू द्या.

(४) बालसंस्कार वर्ग उघड्या दाराने, दोन मोठ्या माणसांसमोर घ्या. मूल एखाद्याकडे जायला नको म्हणत असेल, तर त्याचे ऐका. तक्रार खरी वाटली तर थेट पोलिसांकडे जा, 'समाजाची बदनामी' या शब्दाला भिऊ नका. समाजाची बदनामी झाकाझाकीने होते.

(५) पुढारी असो, धम्मप्रचारक असो वा भन्ते असोत, योग्य तो आदर द्या. पण कुणालाही प्रश्नाच्या पलीकडे बसवू नका. नुसत्या १४ एप्रिलला आणि १४ ऑक्टोबरला व्यासपीठावर दिसणाऱ्याला वर्षभराचे काम विचारा.

आता घरातल्या त्या मुलाला काय सांगाल? त्याला सांगा, "बाळ, लोक धर्मापासून दूर जातात हे खरे आहे. ते का जातात हे आम्ही वाचले. जेथे प्रश्न विचारता येत नाही, तेथून ते जातात. आपण ज्या धर्मातून बाहेर पडलो, तेथे आपल्याला विहिरीवर जाता येत नव्हते आणि का, हेही विचारता येत नव्हते. धम्म घेतला तो माणूस म्हणून सरळ उभे राहण्यासाठी आणि एकमेकांशी नीट वागण्यासाठी. तू विचार. आम्हाला उत्तर आले नाही तर आपण मिळून शोधू. उद्या आपल्या विहारात कुणी तुला गप्प बसवू लागला, तर आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू."

हे शेवटचे वाक्य नुसते बोलून चालणार नाही. आयर्लंडमध्ये त्या दोन मुलांनी १९७५ मध्ये तोंड उघडले होते. त्यांच्या बाजूने एक माणूस जरी उभा राहिला असता, तरी कितीतरी लेकरे वाचली असती. आपल्या वस्तीत ते मूल बोलेल, तेव्हा उभे राहण्याची पाळी तुमची आणि माझी आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आयरिश लोकांच्या दुःखात आणि आपल्या पूर्वजांच्या दुःखात कोणते साम्य दिसते? कोणता फरक दिसतो?
२. डॉ. नोएल ब्राऊन यांनी पत्रव्यवहार छापायला दिला, हे योग्य केले काय?
३. कोसंबीच्या उपासकांनी जे केले, ते आज आपल्याला कोणत्या प्रसंगी करावे लागेल?
४. आपल्या विहाराचा मागील वर्षाचा हिशेब तुम्ही पाहिला आहे काय? नसल्यास का नाही?
५. घरातील प्रत्येकाने येत्या पौर्णिमेला पवारणेप्रमाणे, "माझी चूक मला सांगा," असे एकमेकांना म्हणावे. सुरुवात घरातल्या मोठ्या माणसाने करावी.

नमो बुद्धाय! जयभीम!